नत्र पळतं, स्फुरद हलत नाही

खताच्या पोत्यावर १०:२६:२६ किंवा १९:१९:१९ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि बहुतेक लोक ते बघून "चांगलं स्ट्राँग दिसतंय" एवढ्यावरच थांबतात. माझं शिक्षण रसायनशास्त्रातलं, त्यामुळे ओळखीपाळखीतले लोक मला हमखास विचारतात की हे आकडे नेमके कशाचे आणि सगळ्यात मोठा आकडा असलेलं खत घेतलं तर बिघडतं कुठे. दर वेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा. थोडं लांबणार आहे, आधीच सांगतोय.

पहिली गोष्ट, खत म्हणजे झाडाचं जेवण नव्हे. झाड आपलं जेवण स्वतः करतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊन एवढ्यावर. झाड वाळवून उरलेल्या मालाचं वजन केलं तर त्यात नव्वद टक्क्यांच्या वर कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजनच असतो, आणि यातला एकही मातीतल्या खतातून आलेला नसतो. सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट नावाच्या माणसाने एक भारी प्रयोग केला होता. कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घेतली, त्यात ५ पौंडाचं विलोचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं १६९ पौंडाचं आणि माती परत वाळवून तोलली तर ती कमी भरली फक्त दोन औंस, म्हणजे ५७ ग्रॅमच्या आसपास. त्याने निष्कर्ष काढला की झाड सगळं पाण्यापासूनच बनतं. हवेचं त्याला सुचलं नाही आणि त्या दोन औंसांकडेही त्याने विशेष लक्ष दिलं नाही. आता गंमत अशी की खतांचं अख्खं शास्त्र, अख्खी इंडस्ट्री, त्या दोन औंसांवर उभी आहे. कारण ते नसतील तर बाकीचे दीडशे पौंड तयारच होत नाहीत.

त्या दोन औंसांत मुख्य तिघं, नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम). पोत्यावरचे तीन आकडे याच क्रमाने असतात. पण इथेच एक जुनी गडबड आहे. नत्राचा आकडा खरा नत्राचा असतो, स्फुरदाचा मात्र पी-टू-ओ-फाइव्ह या ऑक्साइडच्या हिशोबात आणि पालाशचा के-टू-ओ च्या हिशोबात. पोत्यात हे दोन्ही ऑक्साइड औषधालाही नसतात, जुन्या काळी नमुना जाळून पृथक्करण करायचे तेव्हाची ही मोजायची पद्धत, ती तशीच राहिली. त्यामुळे डीएपीवर (डाय अमोनियम फॉस्फेट) १८:४६:० असं असलं तरी खरं फॉस्फरस साधारण २० टक्केच, ऑक्साइडच्या आकड्याला ०.४४ ने गुणायचं की झालं. पोटॅशला ०.८३ ने. युरियाचा हिशोब सगळ्यात सोपा, रेणूचं वजन ६०, त्यात नत्राचे दोन अणू म्हणजे २८, भागाकार केला की ४६ आणि थोडं. पोत्यावर ४६ च लिहिलेलं असतं.

मला खरं जे सांगायचंय ते वेगळंच आहे. आपण या तिघांना एकाच पोत्यात भरतो, एकाच नावाने हाक मारतो, एकाच दिवशी फेकतो, पण मातीत पडल्यावर तिघांचं वागणं एकमेकांपासून इतकं वेगळं असतं की त्यांना एकत्र 'खत' म्हणणंच मला फसवं वाटतं. एक पळून जातो, एक जागचा हलत नाही आणि तिसरा मातीच्या थरात शिरून बसतो. खत कधी द्यायचं, कुठे द्यायचं, किती वेळा द्यायचं, या सगळ्याची उत्तरं त्या स्वभावातच आहेत, त्यासाठी वेगळं काही पाठ करायला लागत नाही.

पळणारा

हवेत ७८ टक्के नत्र आहे आणि तरीही पीक नत्रावाचून पिवळं पडतं, कारण हवेतले नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने धरून बसलेत आणि तो बंध तोडायला मोलमागे, म्हणजे २८ ग्रॅम नत्रामागे, ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. झाडाकडे ती सोय नाही. निसर्गात ते काम वीज करते थोडंफार आणि मुख्यतः काही बॅक्टेरिया करतात, डाळवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी असतात ना, त्यातले रायझोबियम. जिवंत, काम करणारी गाठ नखाने फोडली तर आतून गुलाबी-लालसर दिसते, हो, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातीचं प्रथिन आहे ते, ऑक्सिजनला आवरून धरण्यासाठी. कारण नत्र फोडणारं एन्झाइम ऑक्सिजन लागला की निकामी होतं. आतून हिरवट किंवा करडी गाठ निघाली तर समजायचं हिचं काम थांबलंय.

माणसाने हेच काम जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरच्या प्रयोगाने १९०९ साली करून दाखवलं आणि कार्ल बॉशने १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ इथे त्याचा कारखाना चालू केला. नायट्रोजन आणि हायड्रोजन, ४०० ते ५०० अंश तापमान, दीडशे-दोनशे वातावरणाचा दाब आणि लोखंडाचा उत्प्रेरक. वाचायला एक ओळ, पण बॉशची सगळ्यात मोठी डोकेदुखी केमिस्ट्रीची नव्हतीच, भांड्याची होती. त्या दाबाला आणि तापमानाला हायड्रोजन स्टीलमध्ये शिरून त्यातला कार्बनच खाऊन टाकायचा आणि पोलाद ठिसूळ होऊन फुटायचं. त्यावर त्याने आत मऊ लोखंडाचं अस्तर घातलं, ज्यात कार्बन जवळपास नसतोच, आणि बाहेरच्या पोलादी कवचाला बारीक भोकं पाडली म्हणजे झिरपलेला हायड्रोजन निमूट बाहेर. दाब बाहेरच्या कवचाने सोसायचा, हायड्रोजन आतल्या अस्तराने. मला ही आयडिया हाबरच्या शोधाइतकीच मोठी वाटते पण तिच्याबद्दल बोलत कोणी नाही.

हा हायड्रोजन आज मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनतो आणि तो बनवताना कार्बन डायऑक्साइड निघतो. तोच कार्बन डायऑक्साइड अमोनियाबरोबर पुन्हा दाबाखाली घातला की आधी कार्बामेट नावाचं मधलं संयुग आणि मग युरिया. म्हणून अमोनियाचे आणि युरियाचे कारखाने एकमेकांना चिकटूनच असतात.

आता तो पांढरा दाणा हातात घ्या. पेल्यात पाणी घेऊन त्यात दोन-तीन मुठी युरिया टाकून ढवळला तर पेला बाहेरून गार पडतो, चांगला जाणवेल इतका, कारण विरघळताना तो पाण्यातलीच उष्णता ओढून घेतो. फवारणीसाठी द्रावण केलेल्या कुणालाही हे माहीत असतं, बादली गार लागते. विरघळतो झकास, पण झाड या स्वरूपात त्याचा फारसा उपयोग करत नाही, मातीत आधी तो फोडावा लागतो. फोडतं कोण तर युरिएज नावाचं एन्झाइम, जे मातीतल्या असंख्य जिवाणूंकडे असतं आणि ते मेल्यावरही मातीला चिकटून टिकतं. जेम्स समनरने १९२६ मध्ये स्फटिक करून दाखवलेलं जगातलं पहिलं एन्झाइम हेच. एन्झाइम म्हणजे प्रथिन असतं हे तेव्हा कोणाला पटत नव्हतं, नोबेल मिळायला १९४६ उजाडलं.

घरी करून बघायचं असेल तर सोपं आहे. काचेच्या बरणीत ओलसर माती घ्यायची, चिखल नको, वापसा असावा इतपतच ओल, वर युरियाचे थोडे दाणे, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला ओला केलेला लाल लिटमसचा तुकडा चिकटवायचा. मातीला कुठेही स्पर्श होऊ द्यायचा नाही. बरणी उबदार जागी ठेवली की एक-दोन दिवसांत लिटमस निळा व्हायला लागतो आणि झाकण उघडलं की नाकात झणका बसतो. तो अमोनिया. दुसऱ्या बरणीत तीच माती पण आधी ओव्हनमध्ये चांगली भाजलेली, मग गार करून तेवढीच ओली केलेली, तिथे कागद बराच काळ लालच राहतो कारण एन्झाइम मेलं. एन्झाइमशिवाय युरिया फुटायला वर्षानुवर्षं लागतात, एन्झाइम असेल तर काही दिवसांत कारभार आटोपतो.

बरणीत जो झणका आला तोच शेतात फुकट जातो. दाणा वरवर पडला आणि नुसत्या दवाने भिजला की त्याच्या भोवतीचा सामू (पीएच) आठ-नऊपर्यंत चढतो, कारण युरिया फुटताना कार्बोनेट तयार होतं. सामू ७ असताना अमोनियम (अमोनियाचं पाण्यात राहणारं, धन भाराचं रूप) आणि वायुरूप अमोनियातलं प्रमाण असं असतं की वायूचा वाटा एक टक्काही नाही, सव्वानऊच्या आसपास गेलात की निम्मा वायू. वायू उडाला. म्हणून युरिया टाकून मातीआड करा नाहीतर लगेच पाणी द्या असं जे सांगतात त्यामागे एवढंच कारण आहे, दाणा दोन-तीन इंच आत गेला की वर येणारा अमोनिया वाटेतच मातीला धरला जातो. भर उन्हात वाळलेल्या जमिनीवर फेकून ठेवला तर नुकसान लगेच होत नाही (ओलच नाही तर फुटणार कसा), खरा धोका अर्धवट ओलीचा, जेवढ्याने विरघळतो पण आत जात नाही. हा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही असा माझा अनुभव आहे, त्यांना वाटतं ऊन युरिया उडवतं.

मातीला धरला जातो म्हणजे काय तर चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि अमोनियमवर धन, त्यामुळे तो चिकटून राहतो. इथपर्यंत नत्र आपल्या हातात आहे. पण मग नायट्रोसोमोनास आणि त्याचे भाऊबंद जिवाणू अमोनियमचं आधी नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात, स्वतःची ऊर्जा मिळवायला, आपल्या सोयीसाठी नव्हे. नायट्रेटवर ऋण भार. माती त्याला धरत नाही, उलट ढकलते. पाऊस पडला किंवा पाणी जास्त दिलं की तो पाण्याबरोबर खाली, मुळांच्या टप्प्याबाहेर, पुढे भूजलात. आणि पाणी साचून राहिलं, मातीतला ऑक्सिजन संपला तर दुसरे जिवाणू तयारच असतात, ते श्वासासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात आणि त्याचा परत नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात, वाटेत थोडा नायट्रस ऑक्साइडही, जो शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा आहे. म्हणजे बॉशने पोलाद फोडून, आटापिटा करून हवेतून जे उतरवलं ते जिवाणूंनी विनासायास परत वर पाठवलं. जगभरचा हिशोब बघितला तर दिलेल्या नत्रातलं पिकात जातं ते साधारण निम्मं, बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी.

यावर उपाय म्हणून युरिएजला अडवणारी रसायनं आहेत, नायट्रोसोमोनासला सुस्त करणारी आहेत, दाण्यावर गंधकाचा किंवा पॉलिमरचा लेप देतात म्हणजे हळूहळू सुटेल. सगळ्यांचा उद्देश एकच, वेळ काढणे. पण सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हप्त्याहप्त्याने देणे. महिन्याचा पगार एक तारखेला एकदम खिशात घेऊन बाजारात फिरलात तर वीस तारखेला काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पेरणीच्या वेळी रोपाला इवलीशी मुळं असतात, त्याची भूक ती किती, आणि आपण अख्ख्या हंगामाचं नत्र त्याच्यासमोर ओतून मोकळे होतो.

जे आत जातं त्याचं काय होतं? नायट्रेट पानात आल्यावर झाड त्याला पुन्हा अमोनियात बदलतं, म्हणजे जिवाणूंनी केलेलं सगळं उलटं फिरवतं, आणि त्यापासून अमिनो आम्लं बनवतं. हे उलटं फिरवणाऱ्या एन्झाइमला मॉलिब्डेनम लागतं, हेक्टरी काही ग्रॅम, पण तेवढंही नसेल तर आत नायट्रेट साठून राहतं आणि झाड नत्रासाठी उपाशीच. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियम असतं आणि त्याला चार बाजूंनी धरलेले चार नत्राचे अणू, म्हणून युरिया दिल्यावर आठवडाभरात पिकाला काळोखी येते. ती काळोखी बघून माणूस खूश होतो आणि अजून एक हात मारतो. मग काय, पानं लुसलुशीत, पेशींच्या भिंती पातळ, मावा खूश, खोड उंच आणि कमकुवत, वारा आला की पीक लोळलं. शिवाय फुलोरा लांबतो. हिरवेपणा म्हणजे उत्पन्न नव्हे हे मी किती जणांना सांगितलं असेल, पण काळोखीचा मोह सुटत नाही.

नत्र झाडाच्या आत हलतं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कमी पडलं की झाड खालच्या जुन्या पानांतून काढून शेंड्याला पाठवतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. शेंड्याची पानं पिवळी आणि खालची हिरवीगार असतील तर युरिया ओतून काही होणार नाही, तिथे लोह किंवा गंधक बघा.

न हलणारा

स्फुरदाची गोष्ट बरोबर उलटी. हा उडत नाही, पाण्याबरोबर फारसा वाहून जात नाही (मातीच वाहून गेली तर मात्र तिच्याबरोबर जातो आणि तळ्यात शेवाळ माजवतो), आणि जिथे टाकला तिथून काही मिलिमीटरपलीकडे सरकत नाही. मूळ त्याच्यापर्यंत पोचलं तर ठीक. मुळाच्या भोवतालचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा झाला की शेजारी कितीही साठा असला तरी उपयोग शून्य.

हा मुळात येतो खडकातून. रॉक फॉस्फेट, म्हणजे अपेटाइट, कॅल्शियम फॉस्फेटचा दगड. आपली हाडं आणि दात याच कुळातले. तसाच दळून टाकला तर आम्लधर्मी जमिनीत सावकाश का होईना विरघळतो, बाकी ठिकाणी दगड तो दगडच. इंग्लंडमध्ये जॉन लॉज याने १८४२ मध्ये पेटंट घेतलं, हाडांवर आणि या खडकावर सल्फ्युरिक अॅसिड ओतायचं, की कॅल्शियमचा काही भाग जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) म्हणून वेगळा होतो आणि उरलेलं फॉस्फेट पाण्यात विरघळणारं होतं. सुपर फॉस्फेट. आजच्या सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ते जिप्सम पोत्यातच असतं, त्यामुळे स्फुरद १६ टक्केच भरतं पण सोबत गंधक आणि कॅल्शियम फुकट मिळतं, डीएपीच्या नादात लोक हे विसरतात.

त्याच सुमारास जर्मनीत लीबिग, एवढा मोठा केमिस्ट, ज्याने १८४० मध्ये झाड खनिजांवर वाढतं हे ठासून मांडलं, त्याने स्वतःचं खत बाजारात आणलं आणि ते साफ पडलं. कारण त्याला भीती वाटली की सगळं पावसाने धुऊन जाईल, म्हणून त्याने क्षार भट्टीत वितळवून पाण्यात न विरघळणारे केले. धुऊन गेलं नाही, आणि पिकालाही मिळालं नाही. वर त्यात नत्रही घातलं नव्हतं, हवेतून पुरेसा अमोनिया मिळतो असा त्याचा समज होता. स्फुरद मातीत आपणहून अडकतं हे त्याला माहीत असतं तर एवढा उपद्व्याप केलाच नसता.

अडकतं ते असं. जमीन आम्लधर्मी असेल तर लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरदाला पकडतात, चुनखडीची असेल तर कॅल्शियम पकडतं आणि हळूहळू ते पुन्हा त्या मूळ खडकाच्या दिशेने जायला लागतं. सामू ६ ते ७ या पट्ट्यात जरा सुटका. म्हणून स्फुरद पूर्ण जमिनीवर फेकायचं नसतं, फेकलं की प्रत्येक कणाभोवती मातीचा संपर्क वाढतो आणि तितकंच जास्त अडकतं. बियाण्याच्या जवळ, थोडं खाली आणि बाजूला, ओळीत पेरायचं. आणि सगळं पेरणीलाच, नंतर वरून दिलेलं मुळापर्यंत उतरत नाही. नत्राच्या नेमकं उलट, बघा. पहिल्या वर्षी दिलेल्या स्फुरदातलं पिकाला मिळतं ते थोडंच, पण बाकीचं गेलं असं नाही, ते जमिनीच्या खात्यात जमा असतं आणि पुढची बरीच वर्षं थोडं थोडं सुटत राहतं. वर्षानुवर्षं डीएपी घातलेल्या जमिनीत माती परीक्षण केलं तर अनेकदा स्फुरद भरपूर निघतं, तरी दर हंगामाला सवयीने पोतं रिकामं होतंच.

झाडंही काही स्वस्थ बसत नाहीत. मुळं सिट्रिक, मॅलिक अशी आम्लं सोडून स्फुरद सोडवून घेतात. मायकोरायझा नावाची बुरशी तर मुळात शिरून आपले धागे मातीत लांबवर पसरवते, मुळाच्या केसाहून कितीतरी बारीक, आणि साखरेच्या बदल्यात स्फुरद आणून देते. जमिनीत स्फुरद भरपूर ओतलं की झाड हा सौदा मोडतं, फुकट मिळतंय तर साखर कशाला द्यायची.

झाडाला ते लागतं कशाला म्हणाल तर डीएनएच्या प्रत्येक दुव्यात फॉस्फेट आहे, पेशीच्या पडद्यात आहे आणि एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूत आहे, ज्याच्यावर पेशीचे सगळे व्यवहार चालतात. रोपावस्थेत, मुळं फुटताना हे कमी पडलं तर पुढे दिलं तरी भरून निघत नाही. पानं काळपट हिरवी, काही पिकांत जांभळी झाक.

थरात शिरणारा

पालाशवर थोडक्यात सांगतो. पोटॅशियम झाडात कशाचाच भाग बनत नाही, कुठल्याही प्रथिनात नाही, हरितद्रव्यात नाही, आयन (विद्युत भार असलेला सुटा कण) म्हणून आत येतो आणि आयन म्हणूनच राहतो. तरीही झाडाला तो जवळपास नत्राइतकाच लागतो. पानावरची छिद्रं उघडायची असली की रक्षक पेशी पोटॅशियम आत ओढतात, मागोमाग पाणी येतं, पेशी फुगतात, छिद्र उघडतं. बंद करायचं तर उलट. पोटॅश कमी पडलं की हे दार नीट चालत नाही आणि पाण्याचा ताण आला की पीक लगेच माना टाकतं, जुन्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात. साखर पानातून फळाकडे न्यायलाही हाच लागतो. मातीत हा काही प्रकारच्या चिकणमातीच्या थरांमध्ये नेमका बसतो आणि अडकतो, पण स्फुरदासारखा हट्टी नाही, हळूहळू बाहेर येतो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे साधं पोटॅशियम क्लोराइड, क्लोराइड ज्यांना सोसत नाही त्या पिकांना सल्फेट द्यायचं, एवढाच फरक.

सेंद्रिय की रासायनिक

हा प्रश्न आल्याशिवाय राहत नाही. मुळाच्या दाराशी आलेला नायट्रेट आयन शेणखतातून आला की कारखान्यातून हे झाडाला कळत नाही, कळायला त्या आयनवर तसं काही नसतंच. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात लॉजनेच १८४३ मध्ये सुरू केलेला गव्हाचा प्रयोग अजून चालू आहे, एका तुकड्याला दरवर्षी शेणखत, शेजारच्यांना नुसते क्षार, आणि कितीतरी दशकं दोन्हीकडचं उत्पादन जवळपास बरोबरीने चाललं. हे ऐकून रासायनिकवाले खूश होतात. पण त्याच प्रयोगात शेणखताच्या तुकड्यातल्या मातीत सेंद्रिय कर्ब क्षारवाल्या तुकड्यांच्या दुपटीहून जास्त झालाय, आणि कर्ब म्हणजे पाणी धरणं, अमोनियम-पोटॅशियमला बसायला जागा, मुळांना मोकळी माती. तेव्हा भांडण लावण्यात मला तरी अर्थ दिसत नाही, दोघं वेगवेगळी कामं करतात. शेणखतात नत्र अर्धा टक्का वगैरे, त्यात ते कधी सुटणार हे जिवाणूंच्या मर्जीवर. आणि न कुजलेला पालापाचोळा, भुसा घातला तर काही आठवडे उलटच होतं. त्यात कार्बन भरमसाट, नत्र नगण्य, मग कुजवणारे जिवाणू मातीतलं होतं नव्हतं ते नत्रही स्वतःसाठी ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. खत घालून पिवळं पडलं म्हणून माणूस चक्रावतो.

कारखान्याच्या खताची दुसरी बाजूही आहे. अमोनियमचं नायट्रेट होताना दर आयनामागे दोन हायड्रोजन आयन सुटतात, म्हणजे आम्ल. वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट ओतलं की सामू उतरत जातो. आणि जवळजवळ सगळी रासायनिक खतं क्षार आहेत, बी शेजारी जास्त पडलं की मातीतलं द्रावण मुळाच्या आतल्यापेक्षा घट्ट होतं आणि पाणी आत जायच्या ऐवजी बाहेर येतं. रोप ओल्या मातीत उभ्या उभ्या सुकतं. "खत उष्ण पडलं" म्हणतात ते हेच, उष्णतेचा काही संबंध नाही.

टाकीतला गाळ

शेवटी विद्राव्य खतांचं एक, कारण मला यावरच सगळ्यात जास्त विचारलं जातं. ठिबकच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेट घातलं, त्यातच मोनो अमोनियम फॉस्फेट घातलं, दोन्ही पिशव्यांवर पूर्ण विद्राव्य लिहिलेलं आणि ते खरंही आहे, तरी दोन मिनिटांत पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि तळाला गाळ बसला. खत भेसळीचं नाही. कॅल्शियम आणि फॉस्फेट समोरासमोर आले आणि जुळले. कारखान्यात अॅसिड ओतून जी जोडी फोडली होती तीच आपण टाकीत परत लावून दिली. मॅग्नेशियम सल्फेट घातलंत तर तिथे जिप्समचा गाळ. ड्रिपर बुजतात ते वेगळंच. म्हणून दोन टाक्या ठेवतात, एकीत कॅल्शियमवालं, दुसरीत फॉस्फेट आणि सल्फेटवालं, आणि एकीचं देऊन नळ्या साध्या पाण्याने धुतल्यावरच दुसरीचं सोडायचं. एकच टाकी असेल तर वेगवेगळ्या दिवशी. फॉस्फेटचा गाळ आधीच बसला असेल तर सौम्य आम्लाने बराचसा सुटतो, जिप्समचा मात्र आम्लाला फारसा दाद देत नाही, तिथे ड्रिपर बदलायची तयारी ठेवा. शंका असेल तर टाकीत ओतण्याआधी दोन्ही द्रावणं थोडी थोडी काचेच्या पेल्यात, टाकीत असणार आहेत त्याच प्रमाणात, मिसळून पाव-अर्धा तास ठेवायची आणि उजेडात धरून बघायचं.